तुलेरी काउंटीची मार्गदर्शित सहल : पाण्याची गोष्ट सविस्तर, मजुरांची ओझरती

कॅलिफोर्नियातील सेकोया राष्ट्रीय उद्यानाकडे जाणारे बहुतेक पर्यटक तुलेरी काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) सपाट भाग गाडीतूनच मागे टाकतात. व्हायसेलिया शहराहून निघणारी ही एक दिवसाची सहल मात्र डोंगराकडे पाठ करून सॅन वाकीन खोऱ्याच्या तळाशी नेते, आणि माझ्या मते तेच तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे.

सुरुवातीलाच मार्गदर्शकाने काउंटीचा नकाशा उलगडून दाखवला. 1852 मध्ये स्थापन झालेल्या या काउंटीतून पुढे केर्न, इन्यो आणि किंग्ज या काउंट्यांना भूभाग मिळत गेला. तरीही आज तिच्या पूर्व सीमेवर 4,421 मीटर उंचीचे माउंट व्हिटनी आहे आणि पश्चिमेला समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटर उंचीची शेते आहेत. सिएरा नेवाडा पर्वतरांगेत साठणारे बर्फ वितळून कवीया आणि टूल या नद्यांतून खाली येते, आणि एकेकाळी ते तुलेरी सरोवरात जमा होत असे. मिसिसिपीच्या पश्चिमेचे हे सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर होते आणि त्याच्या काठी योकुट्स या मूळनिवासी लोकांची वस्ती होती. नद्यांचे पाणी शेतीकडे वळवल्यावर सरोवर आटले. त्याचा बहुतांश तळ आता शेजारच्या किंग्ज काउंटीत मोडतो. 2023 च्या पुरात तिथली हजारो एकर शेते पाण्याखाली गेली आणि सरोवर काही महिने पुन्हा नकाशावर आले.

सहलीचा सर्वोत्तम टप्पा फ्रायंट-केर्न कालव्याचा. 1951 मध्ये पूर्ण झालेला सुमारे 245 किलोमीटरचा हा कालवा सॅन वाकीन नदीचे पाणी गुरुत्वाकर्षणाच्या बळावर दक्षिणेला नेतो. भूजलाच्या बेसुमार उपशाने जमीन खचली, कालव्याचा एक भाग तिच्याबरोबर खाली गेला आणि तिथली वहनक्षमता निम्म्याहून कमी झाली. हा कार्यकारणभाव मार्गदर्शकाने कोणताही तांत्रिक आव न आणता समजावला. पायथ्याशी संत्र्याच्या बागा आणि तळाशी दुभत्या जनावरांचे गोठे का, याचेही उत्तर मिळते : हिवाळ्यात थंड, जड हवा तळाशी उतरते, त्यामुळे थोड्या उंचीवरील झाडे दंवापासून बचावतात.

ॲलन्सवर्थ येथील थांबा मात्र घाईत उरकला. कर्नल ॲलन ॲलन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1908 मध्ये वसवलेले हे कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र गाव होते. अपुरे पाणी आणि 1914 मध्ये दुसरीकडे गेलेला रेल्वेथांबा यांमुळे ते खचले. दिवसभर पाण्याचेच सूत्र चालवणाऱ्या सहलीने नेमके इथे ते हातचे सोडावे, हे अनाकलनीय आहे.

त्याहून खटकले ते मजुरांविषयीचे मौन. 1933 च्या कापूस संपात पिक्सली येथे संपकऱ्यांवर गोळीबार होऊन दोघे मारले गेले. पिक्सलीवरून आमची गाडी गेली, पण या घटनेचा उल्लेखही झाला नाही. या जमिनीवर पिके काढणाऱ्या मेक्सिकन, फिलिपिनो आणि ओक्लाहोमाकडून आलेल्या कुटुंबांना दोन वाक्यांत गुंडाळले गेले, उलट कालव्याच्या दरवाजांवर भरपूर वेळ गेला.

एवढी उणीव असूनही, भूगोलात रस असणाऱ्यांना ही सहल मी अवश्य सुचवीन. डिसेंबर-जानेवारी मात्र टाळावेत. त्या काळात खोऱ्यात जमिनीलगत साचणाऱ्या दाट ‘टूल’ धुक्यामुळे सिएरा दिसत नाही आणि महामार्गावरील प्रवासही धोक्याचा ठरतो.