वेबसाइट: एकदाच करून ठेवावी की सतत बदलती?

डेव्हलपरला फोन करण्याआधी एक मोजणी करा. गेल्या बारा महिन्यांत गिऱ्हाइकाला कळवावं असं तुमच्याकडे किती वेळा काही बदललं? नागपूरच्या इतवारीतल्या भांड्यांच्या ठोक दुकानात उत्तर दोन-तीन येईल. धरमपेठेतल्या कोचिंग क्लासमध्ये ते चाळीसच्या घरात जाईल: बॅच, फी, निकाल, परीक्षेच्या तारखा. पहिल्याला स्थिर साइट पुरते, दुसऱ्याला बदलती लागते.

स्थिर साइट म्हणजे एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत आधीच तयार ठेवलेली पानं. डेटाबेस (माहितीचा साठा) नाही, लॉगिन नाही, त्यामुळे फोडायला फारसं काही नाही. अशी साइट ठेवायला जागा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर पेजेस या सेवेच्या फुकट योजनेत २०,००० फायली आणि महिन्याला ५०० बिल्ड (साइट नव्याने तयार करून चढवणं) मिळतात. दुकानाला एवढं संपवताही येणार नाही. खर्च उरतो डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, वार्षिक नूतनीकरणाचा. गोची होते ती हाताने लिहिलेल्या पानांत. फोन नंबर बारा पानांच्या तळाशी असतो, अकरांवर बदलला जातो आणि गिऱ्हाईक नेमकं बारावं उघडतं. म्हणून साच्यातून सगळी पानं बनवून देणारं ह्यूगो किंवा इलेव्हंटी वापरा. तळपट्टी एकाच फाइलीत राहते, बदल सगळीकडे उतरतो.

बदलत्या साइटला बहुतेक लोक वर्डप्रेस घेतात. ते पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालतं, ऑफिसातली कुणीही व्यक्ती मजकूर टाकू शकते. पण प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) वेळेवर अपडेट केले नाहीत की तिथूनच घुसखोरी होते. अपडेटआधी फायली आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या आणि तो सर्व्हरच्या बाहेर ठेवा. सर्व्हरसोबत बॅकअपही गेला तर तो घेतला काय नि न घेतला काय!

मराठी मजकुराची खोड वेगळी. डीटीपीवाल्याकडून आलेलं पत्रक जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर साइटवर चिकटवल्यावर निरर्थक अक्षरं दिसतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली, तर डेटाबेसचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, पाहा. ते यूटीएफ८एमबी४ हवं. मात्र प्रश्नचिन्हं म्हणून साठलेला मजकूर परत येत नाही, तो नव्याने टाकावा लागतो.

‘गूगलला ताजा मजकूर लागतो’ हे अर्धंच खरं. मजकूर तोच ठेवून नुसती तारीख बदलल्याने क्रमांक वर जात नाही. साइटमॅपमधली (शोधयंत्रासाठीची पानांची यादी) शेवटच्या बदलाची तारीखही गूगल सातत्याने खरी आढळली तरच विचारात घेतं.

बऱ्याच जणांना मधला मार्ग बसतो. ताडोबाच्या सहली नेणाऱ्याचं घ्या: गाड्या, मुक्काम, अंतर हे सगळं स्थिर. बदलतं ते पावसाळ्यात कोअर (जंगलाचा गाभा) बंद असल्याचं, नव्या शुल्काचं आणि बुकिंगचं. तेवढ्यासाठी मुखपृष्ठावर एक पट्टी पुरे. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा भाव मात्र रोज हलतो. व्यापाऱ्याने तो व्हॉट्सअॅपवरच द्यावा, साइटवर फक्त पत्ता, माल आणि नंबर. कालचा भाव ‘आजचा’ म्हणून दिसला की फोनवर भांडण ठरलेलं.

‘ताज्या घडामोडी’ हा रकाना डेव्हलपर हौसेने देतात. मे महिन्याच्या उन्हात तिथे दिवाळीची सूट झळकत असेल, तर पाहणाऱ्याला वाटतं दुकान बंद पडलं. रकाना घेण्याआधी तो भरणाऱ्याचं नाव आणि वार कागदावर लिहा. ती जागा कोरी राहिली, तर रकाना काढायला सांगा.