जॉइनव्हिलीत राहायचं कुठे: पोझादा, साखळी हॉटेल की कितिनेत?

दक्षिण ब्राझीलमधलं जॉइनव्हिली हे फिरायला येण्याचं गाव नाही, इथे माणसं कामाला येतात. सांता कातारीना राज्यातलं हे सगळ्यात मोठं शहर, वस्ती सहा लाखांवर. फ्रिज, कॉम्प्रेसर, ओतीव लोखंडाचे इंजिन ब्लॉक, पीव्हीसी पाइप इथे बनतात. रांजणगावला फ्रिजचा कारखाना असलेल्या व्हर्लपूलचा मोठा कारखाना इथेही आहे आणि शेजारच्या आराक्वारीत बीएमडब्ल्यू गाड्या जोडते. मशीन बसवायला किंवा ट्रायलसाठी पुण्या-चाकणहून इथे यायचं ठरलं, तर राहण्याचे तीन मार्ग समोर येतात: गल्लीतला पोझादा म्हणजे छोटं घरगुती अतिथिगृह, सेंटरमधलं म्हणजे गावाच्या मध्यभागातलं स्वस्त साखळी हॉटेल, किंवा महिन्याच्या भाड्याची छोटी खोली. ही शेवटची म्हणजे कितिनेत.

चौथा शब्द नकाशावर ठिकठिकाणी दिसेल, तो म्हणजे ‘मोटेल’. ब्राझीलमध्ये मोटेल तासांच्या हिशेबाने जोडप्यांना खोली देतं. हायवेलगतचा स्वस्त मुक्काम समजून ते बुक करू नका.

बहुतेक जण आधी भाडं बघतात. आमच्या मते ते सगळ्यात शेवटी बघावं. आधी रात्रीची झोप, मग संध्याकाळचं जेवण, मग कपडे वाळण्याची सोय, आणि त्यानंतर पैसे. या क्रमाने पाहिलं तर एकट्या माणसाच्या पाच दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामाला शांत पोझादाच बरा पडतो. दोन-तीन रात्रींसाठी किंवा मध्यरात्री पोहोचत असाल तर साखळी हॉटेल घ्या. चोवीस तास उघडी रिसेप्शन हा त्याचा खरा फायदा. छोट्या पोझादात रात्री दहा-अकरानंतर दार उघडायला कुणी नसतं. आधी कळवलं तर फाटकाचा कोड किंवा किल्ली ठेवतात, न कळवता गेलात तर पावसात बाहेर उभं राहायची वेळ येते. महिन्याहून जास्त काम असेल तर कितिनेत.

झोप

पोझादा म्हणजे शांतताच, असं गृहीत धरू नका. शांतता रस्त्यावर आणि खोलीवर ठरते. कारखाने मुख्यतः उत्तरेच्या औद्योगिक पट्ट्यात, रुआ दोना फ्रांसिस्का या लांबलचक रस्त्यावर आहेत. पेरिनी बिझनेस पार्कही तिथलाच. सेंटरपासून हा पट्टा साधारण आठ-दहा किलोमीटर. म्हणून सेंटरच्या उत्तरेचे निवासी भाग सोयीचे: अमेरिका (हो, भागाचं नावच ते), सांतु आंतोनियु, कोस्ता इ सिल्व्हा. सागुआसू आणि ग्लोरियाही राहायला चांगले. पण अमेरिकेतही जोआंव कोलीं आणि ब्लुमेनाऊ हे दोन उत्तर-दक्षिण रस्ते दिवसभर वाहतात. त्यांच्यापासून दोन गल्ल्या आत गेलात की आवाज उतरतो.

व्हिस्कोंदे द ताउनै हा खाण्यापिण्याचा रस्ता. जेवायला उत्तम, पण शुक्रवार-शनिवारी त्यावर खिडकी असलेली खोली नको. दक्षिणेकडे आनिता गारिबाल्दी आणि फ्लोरेस्ताच्या बाजूला रेल्वे आहे. धान्याच्या मालगाड्या साऊं फ्रांसिस्कु बंदराकडे जातात आणि फाटकाफाटकावर भोंगा देतात, रात्रीसुद्धा. नकाशावर रूळ पाहून मगच पत्ता पक्का करा. बोआ व्हिस्तात मोठी फाउंड्री आहे. काम तिथेच असेल तर जवळ राहण्यात अर्थ आहे, नसेल तर नाही.

पोझादाशी सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर होतो. एक प्रश्न नेमका विचारा: खोली ‘फ्रेंची’ला आहे की ‘फुंदुस’ला? फ्रेंची म्हणजे रस्त्याकडची, फुंदुस म्हणजे मागची. मागचीच मागा. दुसरा प्रश्न, खोलीच्या शेजारी गाड्यांचं विजेवर चालणारं लोखंडी फाटक आहे का? पहिल्या पाळीची माणसं अंधारातच निघतात आणि ते फाटक प्रत्येक वेळी खडखडतं. वेबसाइटवरच्या अभिप्रायांत ‘बारुल्यू’ हा शब्द शोधा. त्याचा अर्थ गोंगाट. तीन-चार जणांनी तो लिहिला असेल तर पुढे बघा.

साखळी हॉटेलात खिडक्या घट्ट बसतात आणि एसी हमखास असतो, ही त्याची जमेची बाजू. पण भिंती पातळ असतात आणि कॉरिडॉरमधली दारं आपटत राहतात. लिफ्टपासून लांबची, वरच्या मजल्यावरची खोली मागा.

खोली ताब्यात घेताना

यादीत ‘सुईत्ची’ लिहिलं असेल तर संडास-बाथरूम खोलीलाच जोडलेलं आहे एवढाच अर्थ, आलिशान वगैरे काही नाही. नुसतं ‘क्वार्तु’ असेल तर बाथरूम सामायिक असू शकतं, विचारून घ्या. ‘काझाल’ म्हणजे डबल बेड, ‘सोल्तेइरू’ म्हणजे सिंगल. दोन सहकारी जाणार असतील तर दोन सोल्तेइरू असं स्पष्ट लिहा, नाहीतर एकच पलंग मिळेल.

आता बाथरूम. गरम पाण्याचा गीझर शोधू नका. डोक्यावरचा जो पांढरा प्लॅस्टिकचा शॉवर आहे त्यातच हीटरची कॉइल असते आणि भिंतीतून आलेल्या वायरी थेट त्याला जोडलेल्या दिसतात. हा ‘शुव्हेइरू’, साधारण 5500 वॉटचा किंवा त्याहून मोठा. तो वापरायची रीत अशी: नळ बंद असतानाच त्याचं बटण ‘इन्व्हेर्नु’ म्हणजे हिवाळा किंवा ‘व्हेराऊं’ म्हणजे उन्हाळा यावर न्या. पाणी चालू असताना बटण फिरवलं तर आतल्या संपर्कपट्ट्या जळतात. मग नळ उघडा. पाणी जास्त सोडलं की कोमट येतं, कमी केलं की गरम, कारण कॉइलची ताकद ठरलेली असते. पण धार फारच बारीक केली तर आतला पडदा उचलला जात नाही आणि गार पाणी येतं. किल्ली हातात घेण्याआधी दोन मिनिटं शॉवर चालवून बघा. दिवा मंद होत असेल किंवा जळका वास येत असेल तर खोली बदलून मागा. कॉइल जळली असेल तर ‘केइमोउ आ हेझिस्तेन्सिया’ एवढं म्हणा, मालक शिडी घेऊन येतो आणि बदलून देतो. कॉइल स्वस्त असते, सुपरमार्केटातही मिळते. साखळी हॉटेलात बहुधा मध्यवर्ती गरम पाणी असतं, तिथे हा प्रश्न येत नाही.

कागद संडासात टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. बऱ्याच बाथरूममध्ये हातात धरायचा छोटा जेटही असतो, ‘दुशा इझिएनिका’. बुक करतानाच तो आहे का विचारायला लाजू नका.

वीज इथे 220 व्होल्ट, 60 हर्ट्झ, म्हणजे आपली केटल, इस्त्री, चार्जर चालतात. मात्र शनिवार-रविवार कुरिचीबाला गेलात तर तिथे 127 व्होल्ट आहे, आणि तीच केटल जेमतेम एक तृतीयांश ताकदीने तापेल. सॉकेट खोलगट, षटकोनी. फोनची बारीक दोन पिनांची प्लग बहुधा बसते, आपली तीन पिनांची बसत नाही. ॲडॉप्टर भारतातूनच घेऊन निघा. पोझादाच्या खोलीत इंडक्शन शेगडी लावू नका. एसी आणि शेगडी एकाच लाइनवर आली की ब्रेकर पडतो, शिवाय ते बहुतेक ठिकाणी मना असतं.

जेवण

इथे निर्णय फिरतो, विशेषतः शाकाहारी माणसाचा. नाश्ता पोझादात भाड्यातच असतो, स्वस्त साखळी हॉटेलात पुष्कळदा वेगळा लावतात. दोन दर शेजारी ठेवताना हा फरक धरा. पाव, चीज, पपई, केळी, कलिंगड, केक, आणि या भागातली खास जर्मन वळणाची ‘कूका’, म्हणजे वर साखर-लोण्याचा चुरा घातलेला गोड पाव. अंडं सांगितलं तर घरगुती ठिकाणी करून देतात. तुमची पाळी लवकरची असेल तर नाश्त्याची वेळ आधी विचारा. पोझादावाले रात्रीच थर्मासमध्ये कॉफी आणि झाकलेली ताटली ठेवायला सहसा तयार होतात, कारण त्यांची निम्मी गिऱ्हाइकं कारखान्याचीच असतात.

दुपारी अडचण नाही. कारखान्याचं कँटीन किंवा ‘पोर किलो’ म्हणजे वजनावर ताट भरायचं हॉटेल. भात, कोबी, बीट, उकडलेली भाजी, अंडी मिळतात. फेइजाऊं, म्हणजे काळा घेवडा, घेण्याआधी विचारा, त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ‘मांस नको’ एवढं म्हटलं तर समोरचा फक्त गाई-म्हशीचं धरतो आणि कोंबडी किंवा हॅम वाढतो. तिन्ही नावं घ्या: ‘सें कार्नी, सें फ्रांगु, सें प्रेझुंतु.’

पण ही वजनावरची हॉटेलं बहुतेक दुपारीच उघडी असतात. रात्री उरतात पिझ्झा, बर्गर, मांसाच्या जागा, आणि सुपरमार्केटातली बेकरी. रविवारी संध्याकाळी तर त्यातलंही बरंच बंद. तीन आठवडे पिझ्झावर काढणं कठीण. म्हणून पोझादा निवडताना ‘कोझीन्या’, सामायिक स्वयंपाकघर, पाहुण्यांना खुलं आहे का ते पाहा. असेल तर साखळी हॉटेलशी तुलनाच संपते. नसेल आणि तुम्हाला रोज वरण-भात लागत असेल, तर दोन आठवड्यांसाठीही कितिनेत शोधा.

कितिनेतमध्ये गॅस, छोटा फ्रिज आणि पुष्कळदा प्रेशर कुकरही असतो, कारण घेवडा शिजवायला तो इथे घरोघरी लागतो. तुरीची डाळ मिळत नाही, तपकिरी मसूर मिळतो. तांदूळ घेताना पाकीट वाचा, उकडा तांदूळ इथे फार खपतो. कोथिंबिरीच्या जागी ‘शेइरू व्हेर्जी’ नावाची जुडी दिसेल, ती पार्सली आणि कांद्याची पात असते. साधं दही छोट्या कपांत मिळतं. हिंग, मोहरी, हळद, गोडा मसाला घरून आणा.

दमट हवा आणि पाणी

गावाला लोकच ‘शुव्हिली’ म्हणतात. ‘शुव्हा’ म्हणजे पाऊस. डिसेंबर ते मार्च सगळ्यात जोर, पण कोरडा म्हणावा असा महिनाच नाही. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटाला येतो तो बुरशीचा वास इथे बारमाही येऊ शकतो. खोलीत शिरलात की कपाट उघडून वास घ्या, पलंगामागची भिंत बघा. काळे ठिपके असतील तर त्या खोलीत तीन आठवडे खोकला सोबतीला राहील. तळमजला टाळा. सेंटरमध्ये त्याला आणखी एक कारण: काशुएरा नदी गावातून बाबितोंगाच्या खाडीकडे जाते. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की सेंटरच्या सखल रस्त्यांवर पाणी चढतं. तिथे राहायचं असेल तर रस्त्याला पाणी येतं का, हे थेट विचारा.

खोलीत दोरी बांधून कपडे वाळत नाहीत, आंबतात. पोझादात धुण्याचं मशीन वापरू देतात का ते विचारा. हॉटेलात नगावर पैसे लावतात आणि महिन्याचा आकडा डोळ्यांत येतो. सेल्फ सर्व्हिस लाँड्रीत धुणं आणि ड्रायर मिळून सव्वा तास धरा.

डासांकडे दुर्लक्ष नको, जॉइनव्हिलीत डेंगीच्या मोठ्या साथी आल्या आहेत. खिडकीला जाळी क्वचितच असते. भिंतीत लावायची मच्छरची मशीन सुपरमार्केटात मिळते. जून ते ऑगस्ट रात्री गारठा पडतो आणि घरांत हीटिंग नसतं, तेव्हा जादा ब्लँकेट आणि तापवणारा एसी आहे का विचारा. ‘केंची इ फ्रिऊ’ लिहिलेला एसी गरमही करतो.

येणं-जाणं, बिल

बसला टर्मिनल आहेत. टर्मिनलच्या आत बस बदलली तर पुन्हा तिकीट नाही. आगाऊ घेतलेलं तिकीट बसमध्ये घेतलेल्यापेक्षा स्वस्त. पण आधी कारखान्याला विचारा की त्यांच्या कामगारांची ‘फ्रेतादु’ बस कुठून जाते. तिच्या थांब्यापासून चालत पाच मिनिटांवरचा पोझादा मिळाला तर पहाटेच्या पावसात ॲपवरची टॅक्सी शोधायची वेळच येत नाही.

कंपनीकडून पैसे परत घ्यायचे असतील तर ‘हेसिबु’ म्हणजे साधी पावती पुरत नाही, ‘नोटा फिस्काल’ म्हणजे कराचं अधिकृत बिल मागा. पैसे ब्राझीलची कंपनी भरणार असेल तर तिचा सीएनपीजे, म्हणजे कंपनीचा करनोंदणी क्रमांक, आल्या दिवशीच द्या, निघताना नव्हे. अगदी छोटे पोझादावाले कधी नोटा द्यायला टाळाटाळ करतात. तसं असेल तर बुकिंगआधी कळलेलं बरं. त्यांना पिक्सने, म्हणजे आपल्या यूपीआयसारख्या सोयीने, पैसे हवे असतात, आणि त्याला ब्राझीलचं बँक खातं लागतं. म्हणून कार्ड घेतात का, हे लिहून घ्या. आपल्या कार्डाचा परदेशी वापर निघण्याआधी ॲपमधून चालू करा, आणि ओटीपी येईल असा सिम चालू ठेवा.

दोन आठवड्यांच्या वर राहणार असाल तर दर ‘जिआरिया’ने, म्हणजे दिवसाने, बोलू नका. आठवड्याचा किंवा महिन्याचा दर मागा, पोझादावाले तो देतात, साखळीवाले क्वचित. कितिनेतला अनामत, वीज-पाणी, चादरी आणि इंटरनेट भाड्यात आहे की वेगळं, हे चारही आधी विचारा.

जुलैच्या उत्तरार्धात मुक्काम असेल तर हे सगळं दोन-तीन महिने आधी करा. 1983 पासून भरणारा नृत्य महोत्सव तेव्हा असतो, देशभरातले नर्तक गावात उतरतात, आणि शांत गल्लीतला पोझादाही सरावाच्या गाण्यांनी आणि पोरांनी भरलेला असतो. तेवढ्या दिवसांपुरती तरी घट्ट खिडक्यांच्या साखळी हॉटेलात वरच्या मजल्यावरची खोली घ्या, आणि महोत्सव संपला की गल्लीत परत या.