स्कार्लेट २आय२, चौथी पिढी: गाताना बॉक्स, मिक्सिंगला संगणक

दोन माइक आणि एक लॅपटॉप एवढ्यावर घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी फोकसराइटचा हा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारा बॉक्स) उत्तम आहे. प्रीअँपला, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाला, ६९ डेसिबल गेन (वाढ) मिळतो, त्यामुळे कमी आउटपुटच्या डायनॅमिक माइकलाही वेगळा बूस्टर सहसा लागत नाही. ऑटो गेन दाबून दहा सेकंद वाजवलं की पातळी ठरते. तबल्याला मात्र त्या दहा सेकंदांत सगळ्यात जोरकस तिहाईच वाजवा. हलका ठेका दिलात तर नंतरची थाप फाटते.

खरी किंमत वसूल होते ती डायरेक्ट मॉनिटरमुळे. गायकाला स्वतःचा आवाज संगणकात न फिरता थेट हेडफोनमध्ये मिळतो. अशा वेळी रीपरमधलं (संगणकावरचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर) त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंदच हवं, नाहीतर तोच आवाज दोनदा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. माइक एकच असेल तर डायरेक्ट मॉनिटरचा मोड मोनो ठेवा. स्टीरिओत तो एकाच कानात ऐकू येतो.

प्लगइनचा (सॉफ्टवेअरमधल्या इफेक्टचा) रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, ऐकतच गायचं असेल तर बफर (संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) १२८ सॅम्पल करा: ४८ किलोहर्ट्झला आवाजाला जाताना २.७ मिलिसेकंद उशीर, येताना तेवढाच. मिक्सिंगला १०२४, म्हणजे प्लगइन वाढले तरी आवाज तुटत नाही.

मिडी पोर्ट (कीबोर्ड-सिंथचे सुरांचे संदेश नेणारी जोडणी) नाही. जुना सिंथ त्यावरून जोडायचा असेल तर सरळ याच मालिकेतला ४आय४ घ्या.