पावसातही उघडा ठेवता येणारा छताचा पंखा : मोटरहोममधल्या एका ओल्या दिवसाचा अनुभव

मोटरहोममध्ये कायमचे राहायला लागल्यावर पावसाची पहिली भीती वाटते ती छत गळण्याची. दोन वर्षांनंतर आम्हा दोघांना त्याहून अधिक काळजी वाटते ती आतच तयार होणाऱ्या पाण्याची. खिडक्या लावून झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत मिसळते, तर शेगडीत एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. ही वाफ काचांवर, गादीच्या खालच्या बाजूला आणि कपाटांच्या मागे जाऊन बसते. म्हणून गेल्या वर्षी आम्ही छतावरची साधी झडप काढून तिथे १२ व्होल्टवर चालणारा पंखा बसवला. त्याच्या झाकणावर टोपीसारखे आवरण असल्यामुळे तो पावसातही उघडा ठेवता येतो.

त्याची खरी परीक्षा मुक्काम हलवण्याच्या दिवशी झाली. पाऊस पहाटेपासून लागून राहिला होता. बाहेरची कनात ओलीच गुंडाळावी लागली, चाकांखालचे ठोकळे चिखलातून उपसून काढावे लागले, आणि आवराआवर करून आत येईपर्यंत दोघांचे रेनकोट निथळत होते. ते न्हाणीघरात टांगले तेव्हा सगळ्या काचांना घाम सुटला होता. खिडकीच्या खालच्या रबरी पट्टीवरून बोट फिरवले तर तिथे साचलेले पाणी ओघळून गादीच्या कडेकडे निघाले. वाऱ्याच्या आडोशाची एक खिडकी बोटभर उघडून पंखा हवा बाहेर फेकण्याच्या दिशेने मंद वेगात लावला. चहा होऊन भांडी विसळेपर्यंत काचा वरून खाली स्वच्छ होत आल्या होत्या.

बाहेर धो धो पाऊस पडत असताना बाहेरची हवा आत घेऊन काय साधणार, असा प्रश्न मलाही पडला होता. त्या सकाळी बाहेर १२ अंश सेल्सिअस तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता होती. तीच हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली उतरते, कारण उबदार हवेत बाष्प सामावण्याची क्षमता अधिक असते. त्यामुळे थंड पावसात हा पंखा, थोड्या उबेची जोड मिळाली तर, खरोखर ओल काढतो. मात्र उन्हाळी किंवा उष्ण कटिबंधातल्या पावसात, जेव्हा बाहेरची हवा आतल्याइतकीच गरम आणि दमट असते, तेव्हा तो वारा देतो, पण ओल हटवत नाही. तिथे विजेवर चालणारे आर्द्रताशोषक यंत्रच हवे. कॅल्शियम क्लोराइडचे डबे आम्ही वापरून पाहिले होते, पण त्यात जमा होणारे खारट पाणी चालत्या गाडीत सांडते आणि धातूला गंज चढवते, म्हणून प्रवासाच्या दिवशी ते निरुपयोगी ठरतात.

आमच्या पंख्याच्या माहितीपुस्तिकेत चालत्या गाडीत झाकण उघडे ठेवायला मुभा आहे. प्रत्येक पंख्याला ती नसते, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. आवरणाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असल्यामुळे वाटेत एक थेंबही आत आला नाही. संध्याकाळी नव्या जागी मात्र वारा नेमका मागून येत होता आणि पाचच मिनिटांत जाळीतून पलंगावर शिंतोडे पडू लागले. अंधारात, पावसात गाडी वळवून तिची पुढची बाजू वाऱ्याकडे करावी लागली. हा या रचनेचा मोठा दोष आहे आणि आम्ही पाहिलेल्या एकाही जाहिरातीत त्याचा उल्लेख नव्हता.

आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. आवरणावर टपटपणारा पाऊस पंख्यापेक्षा जास्त ऐकू येतो. मंद वेगाला तो अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज घेतो. दाट ढगांखाली सौर पॅनलमधून नेहमीच्या तुलनेत अगदी थोडी वीज येते, तेव्हा ही काटकसर फार मोलाची वाटते.

धोक्याची गोष्ट एकच, पण ती गंभीर आहे. सगळी दारे-खिडक्या बंद ठेवून पंखा जोरात चालवला तर तो मिळेल त्या फटीतून हवा ओढतो, आणि उघड्या ज्योतीचे गॅस उपकरण सुरू असेल तर त्याचा धूर उलटा आत येऊ शकतो. खिडकी उघडी ठेवणे आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे चालू स्थितीतले इशारायंत्र असणे, या दोन्हींखेरीज हा पंखा वापरू नये.

बसवण्याच्या कामाने आम्हाला सर्वाधिक मनस्ताप दिला. ज्या कारागिराने तो पहिल्यांदा बसवला त्याने चौकटीभोवती केवळ सिलिकॉन भरले, आणि पहिल्याच लांबलेल्या पावसात एका स्क्रूच्या कडेने पाणी झिरपले. सिलिकॉनवर दुसरे सीलंट नीट चिकटत नाही, त्यामुळे ते सगळे खरवडून काढण्यात आमचे दोन दिवस गेले. मग चौकटीखाली मऊ राहणारी ब्यूटाइल टेप घातली आणि स्क्रूंच्या डोक्यांवर छताच्या प्रकाराला चालणारे सीलंट ओतले. जागा ठरवताना सौर पॅनलही लक्षात घ्यावे, कारण आवरण साध्या झडपेपेक्षा बरेच उंच असते आणि त्याची लहानशी सावलीही पॅनलची वीज बरीच घटवते. आमची सावली संध्याकाळी पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडते, आणि आता भोक कापून झाल्यामुळे हलवायचे असेल तर पॅनललाच हलवावे लागणार आहे.