गाइडलाइन बनवताना पेशंटला कमिटीत घ्यायचं, वेगळं पॅनल करायचं की नुसता ड्राफ्ट दाखवायचा?

तुमच्या असोसिएशनला एखाद्या आजाराची ट्रीटमेंट गाइडलाइन काढायचीय आणि कुणीतरी म्हटलं पेशंट आणि घरच्यांनाही घ्या, तर सगळे लगेच हो म्हणतात, पण घ्यायचं म्हणजे कसं यावर गाडी अडते. रस्ते मुख्यतः तीन आहेत.

सगळ्यात स्वस्त म्हणजे ड्राफ्ट झाला की वेबसाइटवर टाकायचा आणि हरकती-सूचना मागवायच्या. खर्च जवळपास शून्य, पण तोवर गाइडलाइनने कुठल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची हे कधीच ठरून गेलेलं असतं, आणि खरी मेख तिथेच आहे. रेझिस्टंट टीबीचं, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचं बघा, डॉक्टरांच्या यादीत पहिलं काय तर थुंकी निगेटिव्ह झाली का, म्हणजे त्यात जंतू सापडेनासे झाले का, आणि कॅनामायसिनच्या इंजेक्शनने कान जाणं हे साइड इफेक्टच्या रकान्यात. ज्याचे कान गेले त्याला विचारा पहिलं काय ते. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती टीबीच्या इंजेक्शनांमुळे गेली आणि त्या वर्षानुवर्षं यावर जाहीर बोलत आल्यात, डब्ल्यूएचओने २०१८ मध्ये कॅनामायसिन वापरू नका असं सांगितलं. असली गोष्ट छापायला निघालेल्या ड्राफ्टवर कमेंट म्हणून आली तर फार तर तळटीप होते. आणि जाडजूड इंग्रजी पीडीएफ वाचून सूचना पाठवणार कोण, हेही आहेच.

दुसरा रस्ता म्हणजे सरळ कमिटीत खुर्ची. इंग्लंडमध्ये नाइस ही संस्था प्रत्येक गाइडलाइन कमिटीत किमान दोन ले मेंबर घेते, पेशंट किंवा सांभाळणारे, त्यांचं मत डॉक्टरांइतकंच धरतात आणि मीटिंगचे पैसेही देतात. याने फरक पडतो का, तर एमई म्हणजे क्रॉनिक फटिग, न हटणाऱ्या थकव्याच्या आजाराचं उदाहरण घ्या. २००७ च्या गाइडलाइनमध्ये व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवा असं होतं, पेशंट ओरडून सांगत होते की याने आम्ही जास्त आजारी पडतोय, आणि पेशंट आत बसलेल्या कमिटीने २०२१ मध्ये ते काढलं. त्यावर एवढं रामायण झालं की कमिटीतले काही जण राजीनामा देऊन गेले, ऑगस्टमध्ये ठरलेलं प्रकाशन थांबवलं आणि शेवटी ऑक्टोबरच्या अखेरीस गाइडलाइन आली. तेव्हा खुर्ची द्यायची तर भांडणाचीही तयारी ठेवा.

पण आपल्याकडे यात एक गोची आहे. दहा डॉक्टरसाहेबांसमोर एक काकू बसवल्या की त्या मीटिंगभर मान डोलावतात आणि चहाच्या वेळी शेजारणीला सांगतात, अहो ती गोळी मी अर्धीच घ्यायचे, चक्कर यायची ना. नेमकं तेच मिनिट्समध्ये यायला हवं होतं!

म्हणून मला तिसरा रस्ता आपल्यासाठी जास्त बरा वाटतो, आधी फक्त पेशंटांचं वेगळं पॅनल. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजी या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१५ च्या संधिवाताच्या गाइडलाइनच्या वेळी हे करून बघितलं, डॉक्टरांसमोर होता तोच संशोधनाचा पुरावा समजावून दिला आणि फक्त पेशंटांनी शिफारशी ठरवल्या. बहुतेक ठिकाणी डॉक्टरांशी जुळल्या, काही ठिकाणी नाही, म्हणजे पेशंटला पुरावा झेपत नाही ही सबब गेली. वेळ आणि पैसा मात्र यात सगळ्यात जास्त जातो, मराठीत समजावणारा माणूस लागतो, आणि नुसतं पॅनल करून रिपोर्ट कपाटात गेला तर पहिला रस्ता काय वाईट होता. तेव्हा प्रश्न ठरायच्या आधी पॅनल घ्या आणि त्यातलेच दोघं मताधिकारासह कमिटीत पाठवा. एकटा पाठवू नका, दबतो. बजेट अगदीच नसेल तर मग पॅनल सोडा, दोन खुर्च्या ठेवा आणि मीटिंगआधी त्यांची वेगळी तयारी करून घ्या.

सांभाळणाऱ्यांचं वेगळं बघा. डिमेन्शिया किंवा लहान मुलांच्या आजारात त्यांच्याशिवाय पर्याय नाही, पण स्किझोफ्रेनियासारख्या आजारात आईला हवं ते आणि मोठ्या मुलाला हवं ते एकच असेल असं नाही, तिथे दोघांना स्वतंत्र जागा द्या. डायलिसिसवाल्यांच्या मीटिंगा डायलिसिसच्या दिवशी ठेवू नका, हे सांगायला लागू नये पण लागतं.

आणि निवडताना आपल्याच ओपीडीतला गोड बोलणारा पेशंट उचलू नका. सपोर्ट ग्रुपकडून नावं मागवा, आणि त्या ग्रुपला कुठल्या औषध कंपनीचा पैसा येतो का याचा फॉर्म डॉक्टरांकडून घेता तसाच त्यांच्याकडूनही भरून घ्या.