मुंबई अग्निशमन दलाची सेवा: वर्दीपासून हायड्रंटपर्यंत

महापालिकेच्या सगळ्या खात्यांत लोकांचा सर्वाधिक विश्वास अग्निशमन दलावर आहे, आणि तो रास्त आहे. आग, इमारत कोसळणे, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, मांज्यात गुंतलेला पक्षी, सगळ्यासाठी तेच जवान धावतात. वर्दी, म्हणजे आगीची खबर, देण्याच्या सोयीला पैकीच्या पैकी गुण.

१०१ लावल्यावर आधी ठिकाण सांगा. इमारतीचं नाव, रस्ता, जवळची खूण, मग मजला, काय पेटलंय, कोणी अडकलंय का. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नका. एक माणूस गेटवर उभा करा, कारण एकाच नावाच्या तीन सोसायट्या असल्या की बंब दारातून पुढे निघून जातो.

भायखळ्याच्या मुख्यालयातला नियंत्रण कक्ष जवळच्या केंद्रातून गाड्या काढतो. जागेवरचा अधिकारी आग पाहून स्तर ठरवतो: एक म्हणजे किरकोळ, आणि आकडा वाढेल तशी आग मोठी. स्तर वाढला की शेजारच्या केंद्रांतून बंब, जंबो टँकर, शिड्या निघतात. ही साखळी उत्तम चालते. दलाकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडीही आहे, पण तिचे पाय रोवायला मोकळी, भक्कम जागा लागते. तिथे गाड्या उभ्या असतील तर शिडीचा काही उपयोग नाही.

उंच इमारतीत खरी लढाई आतल्या पंप-पाइपांच्या यंत्रणेवर असते, आणि सेवेचा कमकुवत दुवाही तिथेच आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून दर जानेवारी आणि जुलैत 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो. पण एजन्सी सोसायटीनेच नेमायची, पैसेही तिनेच द्यायचे. मग स्वस्तातला कागद मिळतो आणि पंप बंदच राहतो. दलाने अचानक तपासण्या खूप वाढवायला हव्यात. इथे गुण कापतो.

तपासणीच्या दिवशी सोसायटीच्या समितीने स्वतः उभं राहावं. पंपाच्या पॅनेलवरचा स्विच 'ऑटो'वर आहे का, ते आधी पाहा. ठिबकणाऱ्या पाइपामुळे जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा सुरू होतो, म्हणून वॉचमन स्विच 'मॅन्युअल'वर टाकतो, आणि आगीच्या वेळी मुख्य पंपही उठत नाही. इलाज गळती काढणं हा आहे. मग गच्चीवरचा हायड्रंट, म्हणजे आगीच्या पाण्याचा नळ, उघडून दाब बघा. मजल्यावरच्या पेटीत होजची गुंडाळी असते, नोझल मात्र पितळेच्या मोहाने चोरीला गेलेलं. होजच्या कपलिंगमधलं, म्हणजे जोडातलं, रबरी वॉशर बोटाने दाबून पाहा. ते वाळून तडकलं असेल, तर ६३ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हचं अर्धं पाणी जोडातच उडतं. ते बदलायला फारसा खर्च येत नाही.

जवानाच्या पाठीवरच्या सिलिंडरची हवा कागदावर ४५ मिनिटं पुरते. साहित्य घेऊन जिने चढताना ती बरीच आधी संपते. म्हणून जिन्यात चपलांचे स्टँड, सायकली, जुनं फर्निचर ठेवू नका. आगीत आसरा घ्यायच्या रेफ्यूज मजल्याचं दार कुलूपबंद नको, आणि जवानांनी वापरायच्या फायर लिफ्टचा तळमजल्यावरचा स्विच कुठे आहे, हे रात्रपाळीच्या वॉचमनलाही माहीत हवं.