आपोआप लागणारे दिवे आणि वायपर: ताम्हिणी घाटातील एका पावसाळ्यानंतर

गेल्या वर्षी जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत मी दर पंधरवड्याला पुण्याहून ताम्हिणी घाटातून माणगावला जात होते, कारण आई तिथे एकटी राहते. नव्या गाडीत पाऊस ओळखून चालणारे वायपर आणि अंधार ओळखून लागणारे हेडलाइट या दोन्ही सोयी आहेत, आणि त्यांची खरी परीक्षा या रस्त्यावरच झाली. गाडी मध्यम आकाराची एसयूव्ही आहे. तिचे नाव मी देत नाही, कारण जी उणीव सांगायची आहे ती अनेक कंपन्यांच्या गाड्यांत आढळते.

वायपरबद्दल माझे मत चांगले आहे. आतल्या आरशामागे काचेला चिकटवलेला एक लहान सेन्सर असतो आणि तो काचेत तिरपे अवरक्त किरण सोडतो. काच कोरडी असेल तर ते आतल्या आत परावर्तित होऊन सेन्सरकडे परततात. काचेवर थेंब पडला की त्यांतील काही किरण पाण्यातून बाहेर निसटतात, परतणारा प्रकाश घटतो आणि त्या घटीवरून वायपरचा वेग ठरतो. मुळशीच्या पुढे मोठी सर अचानक अंगावर येते, तेव्हा हात स्टिअरिंगवरून न उचलता काच स्वच्छ होणे ही वळणाच्या रस्त्यावर मोठी सोय आहे. समोरून येणाऱ्या ट्रकने पाण्याचा लोट काचेवर उडवला, तरी पुढच्या क्षणी वायपर पूर्ण वेगाने फिरलेला असे.

भुरभुर मात्र त्याला नीट कळत नाही. घाटात ढग खाली उतरला की काचेवर अतिशय बारीक तुषार साचतात. डोळ्यांना समोरचे पुसट होऊ लागते, पण सेन्सरच्या हिशेबी पाऊस पुरेसा झालेला नसतो. दांडीवरील कडे फिरवून संवेदनशीलता वाढवली की फरक पडतो, तरीही अशा वेळी मी वायपर हातानेच चालवते. शिवाय सेन्सर काचेचा अगदी लहानसा तुकडा पाहतो, त्यामुळे डंपरच्या चाकांनी उडवलेला चिखल चालकाच्या नजरेसमोर पडला आणि त्या तुकड्यावर पडला नाही, तर वायपर स्वस्थ राहतो. काच आतून धुरकटली तर ते काम एसीचे आहे, या सेन्सरचे नव्हे.

जुलैमध्ये दगड लागून काच तडकली आणि ती बदलून घेतल्यावर वायपर कोरड्या काचेवर वारंवार फिरू लागले. दुसऱ्या कारागिराने पाहिले तेव्हा सेन्सर आणि काच यांच्यामधील पारदर्शक जेलच्या पट्टीत हवेचे बुडबुडे राहिलेले आढळले. पट्टी नवी बसवल्यावर दोष गेला. काच बदलून घेणाऱ्यांनी ही पट्टी आवर्जून पाहून घ्यावी, आणि गाडी धुवायला देताना वायपरची दांडी ‘ऑटो’वर ठेवू नये, कारण धूळ बसलेल्या काचेवर रबर फिरले तर ओरखडे पडतात.

आता हेडलाइटकडे येते, आणि इथे मला अधिक सविस्तर लिहावे लागेल. तिन्हीसांजेला हे दिवे योग्य वेळी लागतात आणि द्रुतगती मार्गावरील भाताण किंवा कामशेतच्या बोगद्यात शिरल्यावर क्षणभरात उजळतात. परंतु हा सेन्सर बाहेर उजेड किती आहे एवढेच मोजतो. किती अंतरापर्यंत दिसते आहे हे तो मोजत नाही. ताम्हिणीत भर दुपारी ढग उतरतो तेव्हा सगळीकडे पांढराशुभ्र उजेड असतो आणि वीस पावलांवरची गाडी दिसत नाही. सेन्सरच्या दृष्टीने तो लख्ख दिवस असतो, म्हणून दिवे बंदच राहतात.

ऑगस्टमधील अशाच एका दुपारी निव्याजवळ चहासाठी थांबले असताना मागून आलेल्या टेम्पोचे चालक माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “ताई, तुमची गाडी मला अगदी जवळ आल्यावर दिसली. मागचे दिवे बंद होते.” मला ते खरे वाटेना. पुढे डीआरएलचा, म्हणजे दिवसा गाडी सुरू असताना समोर आपोआप लागणाऱ्या दिव्यांचा, पांढरा प्रकाश रस्त्यावर चमकत होता, डॅशबोर्डचा पडदा उजळलेला होता, म्हणजे दिवे लागलेले आहेत असेच मी धरून चालले होते. जुन्या गाडीत दिवे बंद असले की संध्याकाळी काटेही दिसत नसत आणि आठवण आपोआप होई. नव्या पडद्याने ती खूण नाहीशी केली आहे. माझ्या गाडीत डीआरएल लागतात तेव्हा मागचा एकही दिवा लागत नाही. मी करड्या रंगाची गाडी घेऊन, मागून जवळजवळ अदृश्य होऊन, आईच्या भेटीला निघाले होते, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते.

१ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच लागतो. मोटारींसाठी तशी सक्ती नाही. काही गाड्यांत वायपर काही काळ सलग चालला की हेडलाइट आणि मागचे दिवे आपोआप लागतात. ही जोडणी प्रत्येक गाडीत असायला हवी, असे माझे ठाम मत आहे. ती नसेल, तर पाऊस सुरू होताच कळ ‘ऑटो’वरून काढून दिवे डिप्परवर लावावेत. धुक्यात अप्पर लावल्यास प्रकाश तुषारांवरून उलट डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर लावून चालत राहण्याची आपल्याकडील सवयही घातक आहे, कारण मग वळण्याचा इशाराच देता येत नाही.

वरच्या श्रेणीची गाडी केवळ या दोन सोयींसाठी घ्यावी का, असे कोणी विचारल्यास वायपरसाठी मी होकार देईन, हेडलाइटसाठी नाही. खरेदीपूर्वी एक चाचणी मात्र जरूर करावी: भर दिवसा दिव्यांची कळ ‘ऑटो’वर ठेवून वायपर सलग चालू करावा, काच कोरडी असेल तर आधी पाण्याने भिजवावी, आणि विक्रेत्याला गाडीच्या मागे उभे करून मागचे लाल दिवे लागतात का ते पाहायला सांगावे.